ज्यांना कोणी शोधत नव्हतं

१९६८च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तर उपनगरांत रात्री उघड्यावर झोपायची लोकांना धास्ती वाटू लागली. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी कोणीतरी जड हत्याराने फोडत होतं. वस्त्यावस्त्यांत काठ्या घेऊन पहारे सुरू झाले. एखादा अनोळखी माणूस अंधारात दिसला तरी मार खात होता. २७ ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी डोंगरी भागात एका माणसाला वर्णनावरून ओळखलं आणि ताब्यात घेतलं. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावं लावणारा हा माणूस म्हणजे रामन राघव.

गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रं होती. राघव आधी काही बोलेना. मग त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, आणि ते मिळाल्यावर बोलू लागला. हा किस्सा मुंबईत अजून सांगितला जातो. त्यापेक्षा फार महत्त्वाची एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. १९६५-६६ सालीही पूर्वेकडच्या उपनगरांत रेल्वेमार्गालगत अशाच हल्ल्यांची मालिका झाली होती. तेव्हाही पोलिसांनी राघवला पकडलं होतं. दरोड्याच्या गुन्ह्यात तो तुरुंगात राहून आलेला होता, त्याची नोंद पोलिसांकडे होती. पण वाचलेल्यांपैकी कोणी मारेकऱ्याला पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता, म्हणून तो सुटला. त्याने कबूल केलेला आकडा आणि पोलिसांना जुळवता आलेला आकडा यांत शेवटपर्यंत मोठं अंतर राहिलं. कारण फुटपाथवर झोपणारा माणूस सकाळी जागेवर दिसला नाही, तर तो गावी गेला, की कामाच्या शोधात दुसरीकडे गेला, की मेला, हे विचारणारं बहुधा कोणी नसतं.

राघववर पुढे चित्रपट निघाले, पुस्तकांत प्रकरणं आली. त्या रात्रींत मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? साखळी खुनांचा इतिहास वाचताना हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. शतक कोणतंही असो, देश कोणताही असो, मारेकऱ्याचं मन कसं होतं यावर पानंच्या पानं सापडतात. तो इतकी वर्षं मारत कसा राहू शकला यावर चार ओळी. माझ्या मते खरं गूढ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

जुन्या काळात असा मारेकरी माणूस असू शकतो यावरच लोकांचा विश्वास बसत नसे. जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात पेटर श्टुंप या शेतकऱ्याला १५८९ साली हाल करून मारण्यात आलं, ते ‘माणसाचा लांडगा होतो’ या आरोपावरून. त्याच्या हातून खरंच काय घडलं आणि छळाने काय वदवून घेतलं, हे आज वेगळं करता येत नाही. पण गावातली मुलं मरत असतील तर त्यामागे सैतानच असला पाहिजे, ही समजूत त्यातून स्पष्ट दिसते.

सरंजामदारांच्या बाबतीत तर लांडग्याचीही गरज नव्हती. फ्रान्सचा जिल द रे हा जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढलेला मोठा सेनानी. त्याच्या गढ्यांच्या आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांची मुलं नाहीशी होत होती, आणि तरी त्याला फाशी व्हायला १४४० साल उजाडावं लागलं. हंगेरीची उमराव स्त्री एलिझाबेथ बाथोरी हिची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. तिच्या नावावर साडेसहाशे बळी सांगितले जातात. त्या आकड्याला भरवशाचा आधार नाही, आणि तिच्या जमिनी व सत्ता यांवर डोळा ठेवून हे प्रकरण वाढवलं गेलं असं काही इतिहासकारांचं मत आहे. पण घटनांचा क्रम पाहा. दासी म्हणून आलेल्या गरीब घरच्या मुली मरत असल्याची कुजबुज वर्षानुवर्षं चालू होती. चौकशीला खरा जोर आला तो लहान-मोठ्या उमरावांच्या मुली मेल्याच्या तक्रारी आल्यावर. डिसेंबर १६१० मध्ये तिला अटक झाली. तिच्या काही नोकरांना मृत्युदंड मिळाला. ती स्वतः खटल्याविना किल्ल्यात नजरकैदेत राहिली आणि १६१४ साली वारली.

आपल्याकडे ठगांचा विषय निघाल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. ठगांना मनोविकृत म्हणता येणार नाही. ते टोळीने चालणारे लुटारू होते, आणि त्यांच्याबद्दल इंग्रजांनी किती वाढवून लिहिलं यावर इतिहासकारांत वाद आहे. ९३१ खुनांचा म्हणून सांगितला जाणारा बेहराम या ठगाचा विक्रमही असाच. इतक्या खुनांच्या वेळी टोळीत हजर होतो असं त्याचं म्हणणं नोंदवलेलं आहे, स्वतःच्या हाताने मारलेल्यांची त्याने सांगितलेली संख्या यापेक्षा पुष्कळच कमी होती. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची शिकार. वाटसरू, घरापासून लांब आलेला, जो कधी पोहोचणार हे घरच्यांनाही नक्की ठाऊक नाही. तो परतला नाही हे कळायलाच महिने जात. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने माफीचे साक्षीदार उभे करून ठगांच्या वंशावळी लिहून काढल्या, प्रेतं पुरल्याच्या जागा नकाशावर मांडल्या, एका संस्थानातला गुन्हा दुसऱ्या संस्थानातल्या गुन्ह्याशी जोडला. विखुरलेले मृत्यू एकत्र मांडून पाहणं ही त्या काळात नवी गोष्ट होती.

जवळपास त्याच सुमारास, १८२८ साली, स्कॉटलंडमधल्या एडिंबरात विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी सोळा माणसं मारली. वैद्यकीय शिक्षणासाठी प्रेतांना चांगला भाव होता. हेअरच्या स्वस्त खानावळवजा घरात मुक्कामाला येणारे गरीब, म्हातारे, दारूच्या आहारी गेलेले लोक यांना ते गुदमरवून मारत आणि शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या दारात नेऊन विकत. गावात सगळ्यांना माहीत असलेल्या एका भोळसर तरुणाचं प्रेत टेबलावर आलं तेव्हा काही विद्यार्थ्यांनी त्याला ओळखलं. तो तो नव्हेच, असं नॉक्सने ठणकावून सांगितलं आणि विच्छेदन उरकलं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली. प्रेतांची टंचाई दूर करण्यासाठी १८३२ साली जो कायदा आला, त्याने गरीबगृहांत आणि रुग्णालयांत मेलेल्या बेवारस गरिबांची प्रेतं डॉक्टरांना खुली केली. खून थांबले, टेबलावर गरीबच राहिले.

मग १८८८चं लंडन. ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले आणि जॅक द रिपर हे नाव जन्माला आलं. हे नाव मुळात एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्रातलं. ते पत्र बहुधा एखाद्या पत्रकारानेच लिहिलं असावं असं पुष्कळांचं मत आहे. तेव्हापासून आजपर्यंत तो कोण होता यावर कपाटं भरतील इतकी पुस्तकं निघाली. मेलेल्या पाच बायका कोण होत्या हे नीट शोधणारं हॅली रूबेनहोल्ड यांचं पुस्तक यायला २०१९ साल लागलं. पाचही वेश्या होत्या ही सव्वाशे वर्षं चालत आलेली समजूत त्यांनी खोडून काढली. त्यांच्या मांडणीप्रमाणे पाचपैकी तिघी तरी वेश्याव्यवसाय करत होत्या याला पुरावाच नाही. त्या बेघर होत्या, संसार मोडलेल्या होत्या, रात्रीच्या निवाऱ्याचे पैसे नव्हते म्हणून रस्त्यावर होत्या.

आता मनाकडे वळू. त्यावाचून सुटका नाही, आणि त्याबद्दल गैरसमजही भरपूर आहेत.

पहिला गैरसमज ‘वेडा’ या शब्दाभोवतीचा आहे. रामन राघव खरोखर मानसिक आजारी होता. त्याला फाशीची शिक्षा झाली होती, पण उच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाला तो जुनाट, संशयग्रस्त स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असल्याचं आढळलं. शेवटच्या भेटीत त्यांनी हात पुढे केला तर त्याने तो घेतला नाही. आपण कायद्याचे प्रतिनिधी, या पापी जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. फाशीची जन्मठेप झाली. येरवड्याच्या तुरुंगात राहून १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. असे भ्रमिष्ट मारेकरी साखळी खुन्यांत थोडे असतात. बहुतेकांना आपण काय करतोय, ते कायद्याने गुन्हा आहे आणि पकडलं गेलं तर काय होईल, हे स्वच्छ कळत असतं. आणि स्किझोफ्रेनिया झालेली बहुसंख्य माणसं कोणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्या घरांना आधीच पुष्कळ सोसावं लागतं.

दुसरा गैरसमज सायकोपॅथीबद्दलचा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हर्व्ही क्लेकली यांनी १९४१ साली या माणसांचं सविस्तर वर्णन केलं: वागायला गोड, बोलण्यात तयार, भ्रम नाहीत, पण पश्चात्ताप, लाज, दुसऱ्याच्या दुःखाने गलबलणं यांचा ठावठिकाणा नाही. पुढे कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी वीस लक्षणांची मोजणी तयार केली. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. तीस किंवा त्याहून जास्त आले तर माणूस सायकोपॅथ धरतात. अशा व्यक्तींना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती इतरांइतकी चटकन जाणवत नाही आणि मेंदूतला अमिग्डाला हा भाग वेगळा प्रतिसाद देतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याला दुसऱ्याची किंकाळी आतून थांबवते. इथे तो अडसरच कच्चा असतो. पण सायकोपॅथ म्हणजे खुनी नव्हे. बहुतेक जण आयुष्यभर खोटं बोलतात, फसवतात, घरच्यांना छळतात आणि खून न करता मरतात.

मग काहींच्या हातून एकामागून एक खून का होतात? १९७०च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयचे रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस तुरुंगात जाऊन खुन्यांना भेटू लागले. परिचारिका-प्राध्यापक अ‍ॅन बर्जेस यांनी त्या गप्पांना अभ्यासाची शिस्त लावली. लैंगिक हेतूने खून केलेल्या ३६ जणांच्या मुलाखतींतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: खुनाच्या कितीतरी वर्षं आधीपासून मनात चालणारी कल्पनेची तालीम. मारहाणीचं, हेळसांडीचं बालपण, एकटेपणा, आणि त्यातून रचलेलं एक खासगी जग, जिथे सगळी सत्ता आपल्या हातात. एक दिवस ही कल्पना प्रत्यक्षात येते. ती मनातल्यासारखी कधीच होत नाही. म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. मधल्या काळात माणूस कामावर जातो, बाजारहाट करतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९७४ ते १९९१ या काळात दहा जणांना मारणारा डेनिस रेडर २००५ साली पकडला गेला, तेव्हा तो आपल्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता.

या संशोधनातून निघालेल्या काही गोष्टी मात्र टिकल्या नाहीत. ‘योजनाबद्ध’ आणि ‘विस्कळीत’ अशी एफबीआयची दोन खाती ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांनी २००४ साली शंभर साखळी खुन्यांच्या गुन्ह्यांवर तपासली. माणसं त्या खात्यांत बसेनात. अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांना छळणं या तीन गोष्टी लहानपणी दिसल्या तर मूल पुढे खुनी होतं, हा समजही असाच. १९६३ सालच्या ज्या निबंधातून तो आला, तो खुनाच्या धमक्या देणाऱ्या रुग्णांबद्दल होता, आणि पुढच्या तपासण्यांत त्याला फारसा आधार मिळाला नाही. प्राण्यांशी सातत्याने क्रूरपणे वागणारं मूल असेल तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवंच. अनेकदा त्या मुलाचाच घरात छळ होत असतो. पण रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाच्या आईबापांनी असल्या यादीपायी झोप उडवून घेऊ नये.

शिवाय प्रत्येक साखळी खुन्याच्या मागे विकृत वासना असतेच असंही नाही. एकाच व्यक्तीने किंवा टोळीने वेगवेगळ्या वेळी दोन किंवा अधिक खून करणं, एवढीच एफबीआयची २००५ सालच्या परिषदेतून आलेली व्याख्या आहे. १९७६-७७मध्ये पुण्याला हादरवून सोडणाऱ्या जोशी-अभ्यंकर प्रकरणातले चौघे व्यावसायिक कलेचे विद्यार्थी होते आणि लुटीसाठी घरात शिरत होते. कोल्हापूरच्या गावित मायलेकी मुलं पळवत, ती गर्दीत चोरी करताना आड यायला उपयोगी पडत म्हणून, आणि नकोशी झाली की मारत. ती मुलं बहुतांशी गरिबांची होती. अटक १९९६ साली झाली.

मनाचा हा सगळा अभ्यास मोलाचा आहे. पण पहिला खून का झाला एवढंच तो सांगतो. दहावा का होऊ शकला, याचं उत्तर त्या मनाच्या बाहेर आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा पीटर सटक्लिफ हा त्याचा सगळ्यात जळजळीत पुरावा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. हा लग्न झालेला लॉरी ड्रायव्हर. १९७५ ते १९८० या पाच वर्षांत त्याने १३ बायका मारल्या, आणखी कितीतरी जखमी केल्या. पोलिसांनी या काळात त्याची नऊ वेळा चौकशी केली. नऊ वेळा! प्रत्येक चौकशीची नोंद कार्डावर होती, पण संगणक नव्हता, आणि कार्डांचा ढीग इतका वाढला की त्यांच्या वजनाने खोलीची जमीन खचेल म्हणून ती मजबूत करावी लागली. १९७९ साली ‘मी जॅक’ म्हणणारी एक ध्वनिफीत पोलिसांना आली. बोलणाऱ्याची ढब ईशान्य इंग्लंडमधल्या वेअरसाइडची होती. तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफिल्ड यांनी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि ती ढब नसलेले संशयित बाजूला पडू लागले. सटक्लिफ यॉर्कशरचा. तो सुटला आणि मारत राहिला. ती फीत कोणा तिसऱ्याच माणसाची थट्टा होती. २००५ साली डीएनएवरून तो थट्टेखोर सापडला.

पण फितीपेक्षा खोल असलेली चूक वेगळी होती. मारेकरी वेश्यांचा द्वेष करतो असं पोलिसांनी सुरुवातीलाच ठरवलं. त्यामुळे हल्ल्यातून वाचलेल्या ज्या बायका या चौकटीत बसत नव्हत्या त्यांना यादीतून वगळलं गेलं, आणि त्यांनी दिलेलं वर्णन, जे सटक्लिफशी चांगलं जुळत होतं, पडून राहिलं. १९७७ साली सोळा वर्षांची एक दुकानात काम करणारी मुलगी मारली गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला पहिली ‘निष्पाप’ बळी म्हटलं. आधीच्यांच्या मुलाबाळांनी ते वाचलं असेल. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तर जाहीरपणे मारेकऱ्याला उद्देशून सांगितलं की तुला वेश्यांचा तिटकारा आहे, तसा तो पुष्कळांना असतो, पण आता तू निरपराध मुली मारतोयस. जानेवारी १९८१ मध्ये सटक्लिफ सापडला तो गाडीला खोटी नंबरप्लेट लावली म्हणून. त्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशर पोलिसांनी माफी मागितली २०२० साली, सटक्लिफ मेल्यावर.

आपल्याकडे हेच वेगळ्या रूपात घडलं, आणि फार लांब नाही. एप्रिल २००९ मध्ये गोव्यात फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा महानंद नाईक पकडला गेला. १९९४पासून सोळा तरुणींना मारल्याचे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. काही खटल्यांत शिक्षा झाली, अनेकांत पुरावा न टिकल्याने तो सुटला. लग्नाचं वचन द्यायचं, अंगावर दागिने घालून यायला सांगायचं, ओढणीने गळा आवळायचा. त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकात मोहन कुमार हा शाळामास्तर पकडला गेला. हुंडा न घेता लग्न करतो असं सांगून तो मुलींना परगावी नेई, दागिने खोलीवर ठेवायला लावी, आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी देतो असं सांगून बसस्टँडच्या स्वच्छतागृहात सायनाइड घ्यायला लावी. वीस मुली अशा गेल्या. एकेका स्टँडवर अनोळखी तरुणीचं प्रेत सापडे आणि आत्महत्या म्हणून कागद बंद होई.

या दोघांपैकी एकाकडेही विलक्षण बुद्धी नव्हती. त्यांना एवढंच कळलं होतं की हुंडा देता येत नाही म्हणून घरात राहिलेली पोर एक दिवस निघून गेली, तर बापाला ती कोणाबरोबर तरी पळाली असंच वाटेल, आणि अब्रूच्या भीतीने तो पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही. चढला तरी तिथला हवालदारही तेच म्हणेल. मारेकऱ्याने लपायला आडोसा शोधला नाही, तो आपण त्याला दिला. नोएडाच्या निठारीतही तेच. तिथल्या मजुरांची मुलं नाहीशी होत असल्याच्या तक्रारी घेऊन आईबाप पोलिसांकडे खेटे घालत होते. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून सांगाडे निघाले तेव्हा देशाला कळलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ साली तपासावर कडक ताशेरे ओढत आरोपींना निर्दोष सोडलं. त्या पोरांना कोणी मारलं, याचं न्यायालयात टिकेल असं उत्तर त्यांच्या आईबापांना मिळालेलं नाही.

डॉक्टर हेरॉल्ड शिपमनच्या हातून मेलेली माणसं बेघर नव्हती, तरी तीही याच यादीत येतात. इंग्लंडमधल्या हाइड गावचा हा लोकप्रिय डॉक्टर डायमॉर्फिनची सुई टोचून रुग्णांना मारत होता. जानेवारी २००० मध्ये तो १५ खुनांत दोषी ठरला. नंतरच्या सरकारी चौकशीने २१५ बळींची नोंद केली. बहुतेक म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या बायका. म्हातारं माणूस दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेलं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी मार्च १९९८ मध्ये मृत्यूंचं प्रमाण जास्त असल्याचं कळवलं होतं. पोलिसांनी वरवर पाहून प्रकरण मिटवलं, आणि त्यानंतर शिपमनने आणखी तिघींना मारलं.

मग आपल्या हातात काय आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. मोठं माणूस हरवलं तरी तक्रारीसाठी २४ तास थांबायचा कोणताही नियम नाही. ठाण्यात कोणी तसं सांगितलं तर मान्य करू नका. आपल्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी, भाजीवालीचा मुलगा, कामाला येणाऱ्या बाई अचानक दिसेनाशा झाल्या आणि घरचे घाबरलेले दिसले, तर त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, तक्रारीची प्रत मागून घ्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन तपास कुठवर आला ते विचारा. हरवलेल्या मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.